ग्रेस हॉपर : यंत्राला जोडणी शिकवणाऱ्या गणिताच्या बाई



कॉम्प्युटरच्या इतिहासात ग्रेस हॉपर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. पण त्या मुळात गणिताच्या शिक्षिका होत्या, हे मुलांना जरूर सांगा.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. सात वर्षांच्या असताना गजराचं घड्याळ कसं चालतं हे बघायला त्यांनी घरातली सात घड्याळं एकामागून एक खोलली. आईने हे थांबवलं नाही, फक्त एकाच घड्याळाची परवानगी ठेवली! १९३४ मध्ये येल विद्यापीठातून त्यांनी गणितात पीएचडी मिळवली. व्हॅसर कॉलेजात त्या शिकवत होत्या. महायुद्धात १९४३ साली त्या नौदलाच्या राखीव दलात गेल्या. वजन कमी भरलं, तरी सवलत मिळवली. १९४४ मध्ये हार्वर्डच्या मार्क १ या यंत्रावर त्यांची नेमणूक झाली.

त्या काळी तपासून ठेवलेले छोटे प्रोग्रॅम वहीत असत. गरज पडली की एकाने दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यायचे. उतरवताना आकडे चुकायचे, पत्त्यांच्या बेरजा चुकायच्या. १९४९ पासून युनिव्हॅकच्या कंपनीत असलेल्या ग्रेसबाईंना वाटलं, हे काम यंत्रच का करू नये? १९५२ मध्ये त्यांनी ए-० तयार केला. प्रत्येक छोट्या प्रोग्रॅमला एक क्रमांक दिला. क्रमांक सांगितला की यंत्र टेपवरून तो शोधून योग्य जागी जोडायचं.

अडचण एकच होती. पुढे येणाऱ्या भागाचा पत्ता आधी कसा कळणार? इथे त्यांना बास्केटबॉल आठवला. मुलींच्या तेव्हाच्या नियमांत चेंडू घेऊन धावता येत नसे. तो मैत्रिणीकडे टाकायचा, पुढे जायचं आणि परत घ्यायचा. तसंच त्यांनी मेमरीत एक राखीव कोपरा ठेवला. पुढची उडी तिथे टेकवायची आणि पत्ता कळला की पूर्ण करायची.

आजही हीच गोष्ट तुम्हाला डोळ्यांनी बघता येते. लिनक्सच्या टर्मिनलवर एनएम ही आज्ञा आणि पुढे ऑब्जेक्ट फाइलचं नाव लिहा. नावांची यादी दिसेल. मोठा टी असलेलं नाव म्हणजे ते फंक्शन याच फाइलमध्ये आहे. यू असलं तर पत्त्याची जागा रिकामी असते. ते दुसरीकडून यायचं आहे. ते सापडलंच नाही, तर सहसा जोडणी अडते.

यंत्र फक्त गणितं करतं, प्रोग्रॅम लिहीत नाही, असं तेव्हा लोक मानत. त्यामुळे तयार असलेला ए-० वापरायलाही कुणी पुढे येईना. ग्रेसबाई मात्र समजावत राहिल्या. त्यांच्या फ्लो-मॅटिक भाषेचा मोठा प्रभाव १९५९ च्या कोबोलवर पडला. व्याख्यानात त्या सुमारे ३० सेंटिमीटर तारेचा तुकडा हातात देत. प्रकाश एका नॅनोसेकंदात तेवढंच अंतर कापतो! ७९ व्या वर्षी, १९८६ मध्ये, त्या रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

वर्गात करून बघा : प्रत्येक गटाने दोन याद्या लिहायच्या, आमच्याकडे काय आहे आणि आम्हाला काय हवंय. मग गटागटांत जोड्या लावायच्या. कॉम्प्युटर नसला तरी जोडणी मुलांना नक्की समजेल. आणि घरात कुणी घड्याळ खोलून बसलं असेल, तर पालकहो, एक घड्याळ त्याला देऊन टाका.