सतराव्या वर्षी लंडन ते कराची!

सतराव्या वर्षी तुम्ही काय करत होता? बारावी, सीईटी आणि मेढा-सातारा एसटीचा पास, बरोबर ना? त्या वयात अस्पी इंजिनिअर नावाचा मुलगा एकटाच विमान घेऊन लंडनहून कराचीला निघाला होता.

अस्पीचा जन्म १५ डिसेंबर १९१२ चा, लाहोरमधल्या पारशी घरातला. आगाखान यांनी ५०० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं होतं. इंग्लंड-भारत प्रवास कोणत्याही दिशेनं, पण एकट्यानं आणि महिन्याच्या आत पूर्ण करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी. १९३० मध्ये तिघं शर्यतीत उतरले. अस्पी, मनमोहन सिंग आणि जेआरडी टाटा. टाटा उलट दिशेनं, कराचीहून निघाले होते.

इजिप्तमधल्या अबूकिरला अस्पी अडकला. स्पार्क प्लग गेले, स्पेअर नाहीत. बाइकचा प्लग गेला तर आपण गॅरेज शोधतो, इथं कुठलं गॅरेज? तेवढ्यात टाटा तिथं उतरले. ते गप्प पुढं गेले असते तर बक्षीस त्यांचंच होतं. पण त्यांनी आपल्याकडचे प्लग देऊन टाकले. अस्पीनंही त्यांना स्वतःचं लाइफ जॅकेट दिलं. टाटांना अजून समुद्र ओलांडायचा होता ना! मनमोहन सिंगांची मुदत थोडक्यात हुकली आणि काही तासांच्या फरकानं अस्पी जिंकला.

पुढं क्रॅनवेलला प्रशिक्षण घेऊन अस्पी नव्या भारतीय हवाई दलात दाखल झाले. वायव्य सरहद्दीवर उड्डाणं केली, ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मिळवला. त्यांच्यासह चार भाऊ हवाई दलात होते. १ डिसेंबर १९६० रोजी एअर मार्शल इंजिनिअर हवाई दलप्रमुख झाले. साधारण वर्षभरानं गोवामुक्तीची लढाई आली. १८ डिसेंबर १९६१ ला आपल्या पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले.

१९६२ मध्ये मात्र उलट घडलं. चीन युद्धात सरकारनं लढाऊ विमानं वापरलीच नाहीत. मालवाहू विमानं आणि हेलिकॉप्टर रसद पोचवत राहिली, जवान डोंगरात लढत राहिले. ती विमानं उडाली असती तर? हा प्रश्न अजून विचारला जातो. युद्धानंतर कराडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि सैन्य नव्यानं उभं करायचं काम सुरू झालं. मिग-२१ आले, १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला.

३१ जुलै १९६४ ला इंजिनिअर निवृत्त झाले, मग इराणमध्ये राजदूत होते. १ मे २००२ रोजी त्यांचं निधन झालं.

टाटांना हरल्याचं वाईट वाटलं नाही. या विजयानं अस्पीला हवाई दलाची वाट सोपी झाली, याचाच त्यांना आनंद होता. आता तुम्ही सांगा, पेपरच्या आदल्या रात्री तुमच्याशी पहिल्या नंबरसाठी भांडणाऱ्यानं नोट्स मागितल्या, तर द्याल?