शस्त्र नाकारणारे सिद्धार्थ

म्हातारा, रोगी, प्रेत पाहून सिद्धार्थांनी घर सोडलं, असं आम्ही ऐकत आलो. बाबासाहेबांनी १९५७ साली निघालेल्या धम्मग्रंथात वेगळं कारण दिलं.

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचं भांडण पेटलं. शाक्य संघानं बहुमतानं युद्ध ठरवलं. २० ते ५० वयाच्या पुरुषांवर सैन्यभरतीची सक्ती आली. सिद्धार्थांनी भर सभेत नकार दिला. घरच्यांना वाळीत टाकू, जमिनी जप्त करू, अशी धमकी मिळाली. घरच्यांना शिक्षा नको म्हणून २९ व्या वर्षी परिव्रज्या घेऊन ते देशाबाहेर गेले. पुढं बुद्ध होऊन ४५ वर्षे धम्म सांगितला.

आजही लढाई नाकारून परमुलखात आसरा मागणारे तरुण आहेत. वाळीत पडणं काय असतं, हे आम्हा सेलूकरांना ठाऊक आहे. त्यांना पळपुटे म्हणू नका. त्यांची बाजू घेऊ या.