मॅट्रिक न झालेल्या ‘पाटील मास्तरां’नी खेड्यांना मास्तर दिले

सातारा : शाळा देवळात भरते, चावडीत भरते, झाडाखालीसुद्धा भरते. पण मास्तरच नसेल तर शाळा भरत नाही. हे ओळखून कामाला लागलेला माणूस म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांच्या बोर्डिंगची गोष्ट घरोघरी माहीत आहे. त्यांनी शिक्षक घडवले, ते मात्र फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. कोल्हापुरात शिकायला राहिले, पण मॅट्रिक काही झाले नाहीत. साताऱ्यात शिकवण्या घेऊन पोट भरलं, तेव्हापासून लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. पुढे किर्लोस्कर आणि कूपर कारखान्यांचे लोखंडी नांगर विकायला ते गावोगाव फिरले. शेतकऱ्याचं घर आतून कसं असतं, ते तेव्हा त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

१९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग निघालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवू लागली. पोरांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडायला दिलं.

पोरं शिकू लागली, पण कित्येक खेड्यांत पहिलीचा वर्गसुद्धा नव्हता. तिथं जाऊन राहील असा मास्तर आणायचा कुठून? भाऊरावांनी तो खेड्यातल्या पोरांतूनच तयार करायचं ठरवलं. १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं. नावातच ‘रूरल’, म्हणजे शिक्षण खेड्यासाठी. संस्थेचं ब्रीद स्वावलंबन, त्यामुळे पुस्तकाबरोबर अंगमेहनतही आलीच. पुढे मुलींसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालयही निघालं.

त्याचा उपयोग लगेच दिसला. जिथं शाळाच नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर संस्थेनं व्हॉलंटरी शाळा काढायला घेतल्या. त्यांची संख्या ५७८ पर्यंत गेली. बहुतेक ठिकाणी एकच मास्तर. सगळे वर्ग त्यानंच सांभाळायचे.

प्राथमिक शाळा झाल्या, मग हायस्कुलं आली. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं. मधल्या काळात सरकारशी वाजलं आणि संस्थेचं अनुदान काही काळ बंद पडलं, तरी काम थांबलं नाही. आता हायस्कुलाला पदवीधर आणि प्रशिक्षित शिक्षक लागणार होते. त्यासाठी १९५५ मध्ये साताऱ्यातच आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू झालं. म्हणजे पहिलीच्या मास्तरापासून हायस्कुलाच्या शिक्षकापर्यंतची तयारी एकाच गावात होऊ लागली.

१९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी पुणे विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली. ९ मे १९५९ रोजी ते गेले.

संस्थेचं बोधचिन्ह वडाचं झाड आहे. वडाची पारंबी जमिनीला टेकली की तिचंच खोड होतं. भाऊरावांच्या ट्रेनिंग कॉलेजातही तेच झालं. काल बाकावर बसलेला पोरगा उद्या दुसऱ्या गावात फळ्यापुढं उभा राहिला.