छाती उघडून अन्ननलिका काढणारे डॉ. टोरेक

घास अडकू लागतो. आधी भाकरी, मग भात, शेवटी पाणीही. शंभर वर्षांपूर्वी अन्ननलिकेच्या कर्करोगाचा रुग्ण बहुधा उपासमारीनेच जात असे. पोटाला भोक पाडून नळीने दूध घालायचे, एवढाच इलाज होता.

फ्रांझ टोरेक यांचा जन्म 1861 मध्ये ब्रेस्लाऊचा. लहानपणीच ते अमेरिकेत आले, 1887 मध्ये डॉक्टर झाले आणि न्यूयॉर्कच्या जर्मन हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रिया करू लागले.

मानेतला अन्ननलिकेचा भाग चेर्नी यांनी 1877 मध्येच कापून काढला होता. छातीतल्या भागापर्यंत मात्र कुणाचा हात पोहोचत नव्हता. छाती उघडली की हवा आत शिरते आणि फुप्फुस मिटते. श्वासनलिकेत नळी घालून दाबाने हवा व ईथर देण्याची पद्धत आली, तेव्हा ही अडचण सुटली.

मार्च 1913 मध्ये टोरेक यांनी 67 वर्षांच्या एका स्त्रीची छाती डावीकडून उघडली. गाठ महाधमनीच्या कमानीजवळ होती. अन्ननलिकेला बिलगलेल्या व्हेगस मज्जातंतूला धक्का बसला तर हृदय थांबण्याची भीती. त्याच्या शाखा त्यांनी जपून सोडवल्या. गाठीचा भाग काढला.

पण उरलेली टोके त्यांनी जोडली नाहीत. हा त्यांचा खरा शहाणपणा. अन्ननलिकेला आतड्यासारखे बाहेरचे चिवट आवरण नसते, टाके सुटतात, आणि छातीत गळती झाली की त्या काळी मृत्यू ठरलेला. त्यांनी वरचे टोक त्वचेखालून छातीवर बाहेर काढले. पोटाला भोक आधीच पाडलेले होते. दोन्हींमध्ये साधी रबरी नळी बसवली. बाई तोंडाने जेवत, घास नळीतून बाहेरच्या बाहेर पोटात उतरे. दिसायला हे विचित्रच, पण त्या बाई त्यानंतर दहा वर्षांहून अधिक जगल्या.

इतरांना मात्र असे यश क्वचितच लाभले. पुढे जठर वर ओढून अन्ननलिकेला जोडण्याचे तंत्र आले. आजही बहुतेक रुग्णांत जठराचीच नळी करून नवी वाट देतात. जपानमध्ये ओसावा यांनी 1933 मध्ये अशा शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या. 1938 मध्ये शिकागोहून ॲडम्स आणि फेमिस्टर यांच्या यशस्वी शस्त्रक्रियेचा अहवाल आला. टोरेक त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारले.