घोड्याचे चार पाय

मे महिन्यात वस्तीतल्या मुलांचं शिबिर घेतलं. पळणारा घोडा काढा म्हटलं, तर बहुतेकांनी पुढचे पाय पुढे ताणलेले आणि मागचे मागे, असाच काढला. लहानपणी मीही तसाच काढायचे. मैत्रिणींनो, मोठमोठे चित्रकारही तेच करत आले होते. ते चूक आहे हे दाखवून दिलं एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकारानं.

त्याचा जन्म १८३० साली इंग्लंडमधल्या किंग्स्टनचा. तरुणपणी अमेरिकेत गेला. १८६० मध्ये घोडागाडीच्या अपघातात डोक्याला जबर मार बसला, पण त्यातून तो उठला आणि फोटोग्राफीत नाव काढलं. धावताना घोड्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात का, हा प्रश्न कॅलिफोर्नियातल्या लेलँड स्टॅनफर्ड या धनिक घोडेमालकाला पडला होता. नुसत्या डोळ्यांना ते कुठलं दिसायला? जून १८७८ मध्ये पालो आल्टोला मायब्रिजनं ओळीनं बारा कॅमेरे मांडले, वाटेत दोरे ताणले. घोडी धावत आली, की एकेका दोऱ्याला धक्का बसून एकेक फोटो निघायचा. पाय सुटतात हे खरं ठरलं. पण ताणलेले असताना नव्हे, पोटाखाली गोळा झालेले असताना!

१८८२ मध्ये स्टॅनफर्डनं या प्रयोगांवर पुस्तक काढवलं. मुखपृष्ठावर मायब्रिजचं नावच नाही! तरी तो थांबला नाही. १८८४ पासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शास्त्रज्ञ आणि थॉमस ईकिन्स हा चित्रकार यांच्या साथीनं त्यानं प्राणी आणि माणसं टिपली. त्यात झाडणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या बायकाही आहेत. १८८७ मध्ये या कामाचे ७८१ तक्ते निघाले. ते डॉक्टरांनी अभ्यासले, तसेच चित्रकारांनीही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १८७४ मध्ये पत्नी फ्लोराच्या प्रियकराला त्यानं गोळी घातली. ज्युरीनं त्याला सोडून दिलं. फ्लोरा १८७५ मध्ये वारली आणि तिचा लहानगा मुलगा अनाथाश्रमात गेला. मायब्रिज १९०४ मध्ये आपल्या गावीच वारला.

शिबिरात मी घोड्याची गोष्ट सांगितली, त्या लेकराची नाही. समोर आईविना वाढणारी दोन पोरं बसली होती, जीभच रेटली नाही. पण तुम्हाला तरी दोन्ही सांगावं, असं वाटलं.