आगगाडीवेडे माधवमहाराज

झाशीच्या मराठी मंडळाची स्मरणिका निघावी आणि तीत राणीसाहेबांचे स्मरण नसावे, असे घडणे शक्य नाही, आणि घडूही नये. ते कार्य आमच्याहून अधिकारी माणसे करीतच आली आहेत. आम्ही मात्र या सुवर्णमहोत्सवी अंकात दुसऱ्याच एका मराठी पुरुषाविषयी लिहिण्याची परवानगी संपादकांकडून मागून घेतली आहे. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे हे ते पुरुष होत. त्यांचा झाशीशी संबंध काय, असे कोणी विचारील. १८६१ मध्ये इंग्रजांनी झाशी शहर शिंद्यांच्या हवाली केले होते. पुढे १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला व मुरारची छावणी शिंद्यांना परत देऊन त्यांच्या मोबदल्यात इंग्रजांनी झाशी पुन्हा आपल्याकडे घेतली. त्याच वर्षी जूनच्या २० तारखेस जयाजीराव महाराज निवर्तले आणि त्यांचे चिरंजीव माधवराव गादीवर आले. ही अदलाबदल झाली नसती, तर येथील जुनी मराठी घराणी या बालराजाची प्रजा म्हणूनच नांदली असती.

परंतु आमच्या लेखाचे खरे निमित्त याहून साधे आहे, आणि ते सांगताना आम्हांस थोडा संकोचही वाटतो. काही वर्षांपूर्वी दिवाळीत आपल्या मुलांसाठी किल्ल्यांची स्पर्धा झाली व परीक्षकांत आमची वर्णी लागली. मातीचे बुरूज, अळीव पेरून उगवलेली हिरवळ, वाटेवर मावळे, सिंहासनावर महाराज, असा सगळा थाट जागोजाग होता. एका मुलाने मात्र गडाच्या पायथ्याशी रूळ मांडले होते. खेळण्यातली आगगाडी बोगद्यातून निघून, पुठ्ठ्याच्या स्थानकाशी थांबून पुन्हा गडाला वळसा घालीत होती. स्थानकाच्या पाटीवर त्याने झाशी असे लिहिले होते. शिवकाळात आगगाडी कोठली, असा शेरा मारून आम्ही त्याचे गुण कापले. मुलगा काही बोलला नाही. त्याने रूळ सुटे केले आणि खोक्यात भरले.

त्याच हिवाळ्यात मंडळाची सहल ग्वाल्हेरला गेली. झाशीहून ग्वाल्हेर सुमारे शंभर किलोमीटर. सकाळी निघून रात्री घरी येता येते. जयविलास राजवाड्यातील भोजनगृहात लांबलचक टेबलावर मांडलेली चांदीची आगगाडी आम्ही तेथे प्रथम पाहिली, आणि कापलेले गुण मनाला बोचू लागले.

माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ चा. गादीवर आले तेव्हा ते पुरते दहा वर्षांचेही नव्हते. कारभार राजप्रतिनिधी मंडळाकडे गेला व मुलाचे शिक्षण इंग्रजी देखरेखीखाली होऊ लागले. आगगाडी या घराण्याला नवी नव्हती. जयाजीरावांनी इंदूर-नीमच रेल्वेसाठी सरकारला ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले होते आणि आग्रा-ग्वाल्हेर भागासाठीही तेवढीच रक्कम पुरविली होती. बापाने रेल्वेकडे रोख्यावरून पाहिले. मुलाचे लक्ष इंजिनाकडे होते. माधवराव तेरा वर्षांचे होत होते त्या सुमारास, १८८९ मध्ये, इंडियन मिडलंड रेल्वेची गाडी झाशीवरून ग्वाल्हेर-आग्ऱ्याकडे धावू लागली. त्या वयाच्या मुलावर वाफेच्या इंजिनाची काय मोहिनी पडते, हे ज्यांचे बालपण झाशीच्या रेल्वे वसाहतीत गेले त्यांना आम्ही काय सांगावे?

राजपुत्राने जे केले ते इतर मुलांनाही करावेसे वाटते. फरक साधनांचा. वाड्याच्या आवारात दोन फूट रुंदीचे रूळ पडले आणि त्यांवर छोटी गाडी धावू लागली. १८९४ च्या डिसेंबरात, अठरा वर्षे पुरी झाल्यावर, संपूर्ण राज्याधिकार त्यांच्या हाती आले, आणि वाड्यातले रूळ कुंपणाबाहेर पडले. १८९७ मध्ये गाडी भिंडपर्यंत पोहोचली. १८९९ मध्ये सिप्रीचा, म्हणजे आजच्या शिवपुरीचा, मार्ग लॉर्ड कर्झनच्या हस्ते खुला झाला. तिसरी शाखा पश्चिमेस निघाली. १९०४ मध्ये ती जौरा व सबलगढ येथे आणि १९०९ मध्ये श्योपूरला टेकली. ही एकटी शाखाच सुमारे २०० किलोमीटर लांबीची होती. ग्वाल्हेर लाइट रेल्वे हे तिचे नाव. महाराज स्वतः इंजिनावर चढून गाडी हाकीत, अशा कथा ग्वाल्हेरच्या जुन्या मंडळींकडून ऐकावयास मिळतात.

येथे थोडे तांत्रिक विषयांतर करावेसे वाटते. जयविलासच्या टेबलावरील गाडी आणि श्योपूरची गाडी यांच्यामागचे गणित एकच आहे. रुळांमधील अंतर जितके कमी, तितके वळण आखूड घेता येते. रूळ हलका चालतो, पूल लहान पुरतो, खर्च आवाक्यात राहतो. आपली मोठी गाडी साडेपाच फुटांच्या रुळांवरून धावते. तिला वळावयास ऐसपैस जागा लागते. चंबळेच्या अंगाने पसरलेल्या मुलखात, जेथे पाऊल टाकावे तेथे घळ, दोन फुटी गाडी वाट काढू शकली. घरी टेबलावर गाडी मांडणारा हौशी माणूस सर्वांत आधी हेच शिकतो. जागा चार फूट, वळण किती घ्यावयाचे, चढ कोठवर सोसेल, सांधे कोठे बसवावयाचे! वीजही त्याला याच काटकसरीने खेळवावी लागते. दोन रुळांतून थोड्या दाबाची वीज सोडली की चाकांवाटे ती इंजिनाच्या मोटारीत शिरते. रुळांना मध्येच कशाचा स्पर्श झाला तर सारा खेळ थांबतो किंवा बिघडतो.

युरोपातही तोच काळ या छंदाच्या भरभराटीचा होता. इंग्लंडात नॉर्दम्प्टन गावी बॅसेट-लोक यांनी १८९९ मध्ये नमुनेदार छोट्या आगगाड्यांची पेढी काढली, आणि १९१० मध्ये लंडनच्या हौशी मंडळींनी आपला क्लब स्थापन केला. आपापल्या मांडण्या एकमेकांना दाखवाव्यात, दुसऱ्याचा बोगदा पाहून आपला सुधारावा, असा त्यांचा परिपाठ. माधवराव असल्या एखाद्या क्लबात सहज शोभले असते. परंतु राजाला सवंगडी कोठून मिळणार? त्यांनी पाहुण्यांनाच सवंगडी केले.

चांदीच्या गाडीचे रहस्य आम्हांस तरी हेच वाटते. पंगतीत वाढपी पात्रावरून पात्रावर जातो, तशी ही गाडी जेवण आटोपल्यावर पाहुण्यांपुढून फिरे. चांदीचे इंजिन, मागे सात डबे, आणि प्रत्येक डब्यावर शिंदे या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधील एकेक अक्षर. डब्यांत मद्याच्या काचेच्या सुरया, चिरूट आणि तोंडात टाकावयाचे जिन्नस. पाहुण्याने सुरई उचलली की विजेचा प्रवाह तुटून गाडी त्याच्यासमोर उभी राही; सुरई जागेवर ठेवली की पुन्हा चालू लागे. कळा महाराजांच्या हाताशी असत. महाराजांना थट्टेची भारी आवड होती, त्यामुळे एखाद्याच्या पुढ्यातून गाडी न थांबता निघून गेली, तर तो अपघात की खोडी, हे सांगणे कठीण. एका मेजवानीत तर वीज बिथरून गाडी सुसाट सुटली आणि व्हाइसरॉयसाहेबांच्या मंडळींवर खाद्यपदार्थांचा वर्षाव झाला, अशी कथा फार प्रसिद्ध आहे. तिची शहानिशा करण्याच्या भरीस आम्ही पडत नाही.

आता जे लिहावयाचे ते लिहिताना लेखणी जरा अडखळते. ही चांदी कोणाची? रयतेच्या साऱ्याचीच ना? सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्यास प्रत्येक खर्चाचे शीर्षक पाहण्याची खोड असते, आणि टेबलावरील गाडीसाठी आम्हांस तरी योग्य शीर्षक सापडत नाही. दुष्काळाचे वर्ष आणि राजवाड्यातील रोषणाई ही त्या काळच्या संस्थानांतून शेजारी शेजारी नांदली, हे विसरून चरित्र लिहिले तर तो भाटपणा होईल. संस्थानाच्या मोठ्या बांधकामांतही सारे यशच आले असे नाही. तिघऱ्याचे धरण १९१७ च्या ऑगस्टमध्ये फुटले. पाया वालुकाश्माचा होता, त्यातून पाणी झिरपत गेले; खालच्या गावांत मोठी प्राणहानी झाली.

तरीही दुसरी बाजू नोंदविली पाहिजे. या राजाच्या हौशी पुष्कळदा कारखान्यात, रुळांत किंवा गलबतात जाऊन स्थिरावल्या. १९०८ च्या सुमारास साकचीच्या पोलाद कारखान्यास चालू भांडवल हवे होते. तेव्हा टाटांनी काढलेले ४ लाख पौंडांचे कर्जरोखे एकट्या माधवरावांनी घेतले. १९०० मध्ये चीनच्या मोहिमेसाठी त्यांनी रुग्णनौका दिली व स्वतःही तिकडे गेले. पहिल्या महायुद्धात पुन्हा इतर संस्थानिकांसह एक जहाज विकत घेऊन तिचे लॉयल्टी असे नामकरण झाले. युद्ध संपल्यावर तीच बोट सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी व नरोत्तम मोरारजींनी घेतली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. कंपनीच्या नावात सिंदिया आहे ते यामुळे. आजही ५ एप्रिल हा आपल्या देशात सागरी दिन म्हणून पाळला जातो. ग्वाल्हेरला पंडित भातखंड्यांच्या हातून १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय उभे राहिले तेही याच महाराजांच्या आश्रयाने; मात्र गाण्यावर लिहिण्याचा आमचा अधिकार नाही.

५ जून १९२५ रोजी पॅरिस येथे महाराजांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. मागे राहिलेल्या जिवाजीरावांना नऊ वर्षे पुरी होण्यास तीन आठवडे होते. पुन्हा एकदा पोरवयाचा राजा आणि पुन्हा राजप्रतिनिधी मंडळ. शिवपुरीस मातोश्री सख्याराजे यांच्या छत्रीसमोर माधवरावांची संगमरवरी छत्री आहे. तेथे जाणारा त्यांचा रेल्वेमार्ग मात्र केव्हाच उठला.

त्या रेल्वेचे पुढे काय झाले, हे झाशीकरांनी विशेष लक्षात ठेवावे, कारण ती अखेरीस आपल्याच झाशी विभागात आली होती. १९४२ मध्ये तिचे नाव सिंदिया स्टेट रेल्वे झाले. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत विलीन झाली आणि २००३ पासून उत्तर मध्य रेल्वेकडे गेली. श्योपूरच्या गाडीने आम्ही एकदा प्रवास केला आहे. डब्यात जितकी माणसे तितकीच टपावर. गाडी इतकी सावकाश की एखादा तरणा गडी उतरून पाणी पिऊन पुन्हा चढेल. सारा दिवस त्या बाकावर गेला. समोर बसलेल्या म्हातारीला आम्ही मराठी आहोत हे कळताच तिने आम्हांस महाराजांच्या गावचे ठरविले, आणि गाडीत जागा नाही याची तक्रार आमच्याकडे केली. २०२० च्या मार्चमध्ये साथीच्या टाळेबंदीत ती गाडी थांबली ती कायमची. त्या वाटेवर आता ब्रॉडगेजचे रूळ टाकले जात आहेत. श्योपूरच्या लोकांना जलद गाडी हवी यात शंका नाही, आणि ती मिळावी. आम्ही हळहळलो ते आमच्यापुरते.

आपल्यापैकी जे सुटीत पुण्यास जातात त्यांनी मुलांना कोथरूड भागातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय अवश्य दाखवावे. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभे केलेले हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. तेथे निरनिराळ्या प्रकारच्या गाड्या एका लहानशा नगरातून एकाच वेळी धावतात, सिग्नल पडतात, दिवे लागतात. तेथे चांदी कोठेच नाही. एका मध्यमवर्गीय माणसाने स्वतःच्या मिळकतीतून हे केले. तेथे उभे राहिले की खर्चाच्या शीर्षकाचा प्रश्न आमच्याही मनात येत नाही.

जयविलासच्या त्या सहलीत तो किल्लेवाला मुलगाही होता. मोठी माणसे दरबार हॉलमधील अवजड झुंबरांखाली माना वर करून, ती टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढविल्याची कथा ऐकत होती. हा एकटाच भोजनगृहात मागे राहिला. आम्ही त्याला शोधीत गेलो. गाडी टेबलावर उभीच होती, सुरया डब्यांत होत्या. मुलाचे लक्ष चांदीकडे नव्हते. दोरीच्या अलीकडून मान वाकवून तो टेबलाच्या खालच्या बाजूस पाहत होता. काय पाहतोस, असे विचारता त्याने आम्हांसच उलट विचारले, काका, वीज कुठून येते? आम्हांस सांगता आले नाही. मग आम्हीही त्याच्या शेजारी वाकलो.