पंडिता रमाबाई आणि खरे अर्पण

पवित्र शास्त्रातील लेवीय हे पुस्तक वर्गात उघडले की पुष्कळ विद्यार्थ्यांच्या कपाळास आठ्या पडतात. होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण व दोषार्पण अशी पाच प्रकारची अर्पणे. त्यांसाठी लागणारे बैल, मेंढे, पारवे, पीठ, तेल व मीठ. हे सारे आज वाचून काय करावयाचे, असा प्रश्न त्यांच्या मनात येतो. यरुशलेमेतील मंदिर इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने जाळले आणि तेथील यज्ञ तेव्हापासून बंद पडले. तरी या विधींचा अर्थ जिच्या आयुष्यक्रमात स्पष्ट वाचावयास मिळतो, अशी एक थोर स्त्री आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली. ज्या पंडिता रमाबाईंनी हे पुस्तक मूळ इब्री भाषेतून मराठीत आणले, त्यांचे चरित्र हीच त्या पुस्तकाची सुबोध टीका होय, असे आम्हास वाटते.

रमाबाईंचा जन्म सन १८५८ च्या एप्रिल महिन्यात सह्याद्रीवरील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांस संस्कृत शिकविणे त्या काळी अधर्म मानीत. तथापि शास्त्रीबुवांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, ती विद्या दिली व लक्ष्मीबाईंनी ती मुलीच्या पदरात घातली. कुटुंब पुराणे सांगत एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास जाई. लहानग्या रमेस भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले होते.

पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. देव प्रसन्न व्हावा म्हणून या कुटुंबाने व्रते केली, उपास केले, ब्राह्मणांस दाने दिली आणि जवळचे सर्व द्रव्य वेचले. शेवटी झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. आईबाप व थोरली बहीण यांस मृत्यूने ओढून नेले. त्यांच्या निष्ठेविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु इतके सर्वस्व देऊनही देवाने ते स्वीकारले की नाही, याची खात्री त्या जिवांस लाभली नाही, हा काटा रमाबाईंच्या अंतःकरणात कायमचा रुतून राहिला.

वडीलबंधू श्रीनिवासशास्त्री यांच्यासह पायी प्रवास करीत त्या सन १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या अर्पण केल्या. सन १८८० मध्ये बंधू निवर्तले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांचा विवाह झाला. पण सन १८८२ च्या आरंभी पटकीने पतीसही नेले. वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वीच कडेवर मनोरमा ही तान्ही मुलगी घेऊन त्या विधवा झाल्या.

सन १८८३ मध्ये रमाबाई विलायतेस गेल्या. तेथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा ख्रिस्ती भगिनी प्रेमाने करीत असलेल्या त्यांनी पाहिल्या. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता हे काम या का करितात, याचा शोध घेता त्यांस ख्रिस्ताची व शोमरोनी स्त्रीची कथा कळली. त्याच वर्षी वांटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेत मित्रमंडळ मिळवून त्या परतल्या व सन १८८९ मध्ये विधवांसाठी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. तेथील काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेस बसू लागल्या, तेव्हा मोठे वादळ उठले आणि सन १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांसारख्या हितचिंतकांनीही सल्लागारपद सोडले.

याच सुमारास बाईंच्या मनात आणखी एक स्थित्यंतर झाले. आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, परंतु ख्रिस्त अद्याप मिळाला नाही, असे त्यांस कळून आले. येथे पापार्पणाचा अर्थ ध्यानात घ्यावा. इस्राएली मनुष्य पशूच्या मस्तकावर हात ठेवी, म्हणजे त्याचा दोष त्या निर्दोष जिवावर जाई. गरिबास दोन पारवे चालत. तेही न जमल्यास थोडे पीठ पुरे होई. क्षमेचे दार कोणासही त्याच्या दारिद्र्यामुळे बंद नव्हते. ख्रिस्ताने स्वतःस एकदाच अर्पून हे कार्य पुरे केले, असे इब्री लोकांस लिहिलेले पत्र शिकविते. ज्या खात्रीसाठी आईबापांनी सर्वस्व वेचले, ती रमाबाईंस येथे दान म्हणून मिळाली.

मग अर्पण करावयाचे उरले काय? होमार्पणाचे मांस अर्पण करणाऱ्याच्या वाट्यास मुळीच येत नसे. ते सगळे वेदीवर जळे. रमाबाईंचे पुढील आयुष्य तसे गेले. सन १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे अनाथ मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्याच वर्षांत व पुन्हा १८९९-१९०० मध्ये आपले वऱ्हाडही होरपळत होते, हे वडीलधाऱ्या घराण्यांत ठाऊक असेलच. केडगावच्या उजाड माळावर त्यांनी विहिरी खणविल्या, शेती केली आणि मुक्तिसदन उभारले. तेथे अंधांस वाचावयास शिकवीत. विणकाम व छपाई चाले. भुकेने आईबाप गमावलेली मुलगी शेकडो भुकेल्यांची आई झाली.

अन्नार्पणाविषयी नियम असा की, पीठ सपिटीचे असावे, मीठ अवश्य असावे. खमीर व मध मात्र वेदीवर जाळू नये. बाईंनी पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, ते आम्हास असेच अर्पण वाटते. त्यासाठी उतारवयात त्या इब्री व ग्रीक शिकल्या. संस्कृतप्रचुर मराठी त्यांस सहज लिहिता आली असती. पांडित्याचा मध त्यांच्याजवळ भरपूर होता. तो त्यांनी बाजूस ठेवला आणि खेड्यातील अल्पशिक्षित बाईस उमजेल अशी साधी भाषा पत्करली. जगाने ज्या विद्येमुळे त्यांस ‘सरस्वती’ म्हटले, ती विद्याच त्यांनी वेदीवर ठेविली. खिळे जुळविणे व छापणे ही कामे मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केली.

सन १९१९ मध्ये सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. सन १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. या घावानंतरही मुद्रिते तपासण्याचे काम थांबले नाही. ते हातावेगळे होताच ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनी देह ठेविला. संपूर्ण पुस्तक सन १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

विद्यार्थिमित्रहो, दुसरबीडच्या शिवारात ज्वारीचे खळे झाले म्हणजे घरधनी आधी दुसऱ्याचा वाटा काढीत, ही रीत आजोबांस विचारा. देण्याचे मर्म त्यातही आहे. दोषार्पणाचा नियम तर असा की, ज्याचे लुबाडले त्याचे मुद्दल व वर पाचवा हिस्सा आधी परत करावा, मग मेंढा घेऊन वेदीकडे जावे. ज्याने सोबत्याची पेन्सिल लपविली, त्याने प्रार्थनेपूर्वी काय करावे, हे निराळे सांगणे नको. उपकारस्तुतीच्या शांत्यर्पणाचे मांस त्याच दिवशी संपवावे लागे. अर्थात आनंद एकट्याने साठवून ठेवण्याची सोय नव्हती, इतरांस पंगतीस बोलवावेच लागे.

पालकांसही एक विनंती. मुलांस विद्या मिळावी म्हणून आपण पोटास चिमटा घेता. त्या विद्येने केवळ नोकरी मिळावी, एवढीच इच्छा धरू नये. आपल्या मुलामुलींजवळ जे सर्वांत उत्तम, ते एखाद्या अडल्यानडल्याच्या उपयोगी पडावे, असेही त्यांस घरी शिकवावे. यरुशलेमेची वेदी नाहीशी झाली. ज्यावर असे अर्पण ठेवावे, ते शेजाऱ्याचे दार मात्र प्रत्येक गावात उघडे आहे.